पोस्त, खुशाली आणि टिप

सातारा असो वा सांगली, हॉटेलातले जेवण संपले की बिल बडीशेपेच्या बशीतून येते आणि परत आलेल्या सुट्या पैशांतले दहा-वीस रुपये त्याच बशीत ठेवून गिऱ्हाईक उठते. या दहा-वीस रुपयांविषयी अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. वेटरांचे पगार आता वाढले आहेत. किमान वेतनावरचा विशेष भत्ता सरकार दर सहा महिन्यांनी नव्याने जाहीर करते. थाळीचे दरही त्याबरोबर चढत आहेत. मग वर आणखी टिप कशासाठी?

हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो, म्हणून त्यावर गप्पा होतात आणि विषय संपतो. परंतु ठरलेल्या मोबदल्याखेरीज खुशीने काही द्यावे का, ते कोणी द्यावे आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क किती, हा वाद आपल्या भागाला नवा नाही. गावच्या महार वतनदाराबाबत तो झाला, साताऱ्याहून मुंबईला गेलेल्या गिरणी कामगाराबाबत झाला, आणि ऊसतोड मजुराबाबत तो दर हंगामात कृष्णाकाठच्या फडांत आजही होतो. हॉटेलातल्या टिपेचा निवाडा या तीन प्रकरणांच्या उजेडात करून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देण्याची नावे

मराठीत खुशीच्या देण्याला नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. ‘इनाम’ अरबीतून आले. ते वरून खाली येई, त्यात जमीनही असे आणि त्याची सनद असे. ‘बक्षीस’ फारसीतले, त्याला सनद नसते, देणाऱ्याची मर्जी पुरते. ‘पोस्त’ हे खास दिवाळीचे. घरच्या नोकराला, गड्याला, पत्रे आणणाऱ्या पोस्टमनला वर्षातून एकदा मिळणारे. ‘चिरीमिरी’ या शब्दात निम्मे आभार आणि निम्मी लाच असते. ‘खुशाली’ आज प्रामुख्याने उसाच्या पट्ट्यात ऐकू येते. तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

‘टिप’ हा शब्द इंग्रजांबरोबर आला. तत्पर सेवेची हमी सांगणाऱ्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून तो झाला, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे हौसेने सांगितली जाते. ती खरी नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चोरांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे हळूच हाती देणे. पुढच्या शतकात तो नोकरांना दिल्या जाणाऱ्या पैशांना चिकटला.

इनाम सोडले तर या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. रक्कम ठरलेली नसते, ती कुठे लिहिलेली नसते, आणि मिळाली नाही तर दाद मागता येत नाही. देण्याचे पुढे काय होते, हे या न लिहिण्यावर बरेचसे अवलंबून असते.

बलुते : काम एकाचे, मोबदला दुसऱ्याकडे

१८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने गावच्या बलुतेदार-अलुतेदारांची माहिती नोंदवली आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर कुणब्याची कामे करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त तिचा तपशील दिला आहे.

आपल्या प्रश्नाला महार वतनाचे उदाहरण जवळचे आहे. सुतार कुणब्याचे काम करी आणि कुणब्याकडूनच बलुते घेई. महार वतनदार मात्र सरकारचे काम करी. वसुलासाठी रयतेला बोलावणे, टपाल आणि निरोप पोचवणे, दौऱ्यावरच्या अंमलदाराची बरदास्त ठेवणे, ही कामे त्याच्याकडे होती. १८७४ च्या वतन कायद्याने त्याला सरकारी चाकरीला बांधले होते, पण वतनाचा जमिनीचा तुकडा सोडला तर त्याचे पोट रयतेच्या बलुत्यावर होते. म्हणजे चाकरी सरकारची आणि मोबदल्यासाठी हात पसरायचा गावापुढे.

ही रचना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी पकडली. त्यांचे बालपणीचे शिक्षण साताऱ्यात झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे पैशांत रूपांतर करावे, ते पैसे सरकारने रयतेकडून वसूल करावेत आणि वतनदाराला सरकारमार्फत द्यावेत, अशी त्यातली महत्त्वाची तरतूद होती. मोबदला तोच, देणारेही तेच. बदलणार होता तो देण्याचा मार्ग.

एवढ्या बदलाला विरोध का व्हावा? बलुते हातात असणे म्हणजे माणूस हातात असणे, हे गावाला ठाऊक होते. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारणाऱ्या महारांविरुद्ध गावोगाव जी हत्यारे वापरली गेली, त्यांत बलुते बंद करणे हे एक होते. विधेयक प्रवर समितीतून मूळ रूपात परत आले नाही आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

वेटर आणि महार वतनदार यांची बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. वेटर हॉटेल सोडून जाऊ शकतो. वतनदाराला जन्माने बांधलेले होते. पण चाकरी एकाची आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, हा सांगाडा दोन्हीकडे दिसतो. अशा सांगाड्यात देणाऱ्याची मर्जी सांभाळणे हेच कामाचा भाग होऊन बसते, हा बलुत्याचा धडा आहे.

अमेरिकेत हेच रेल्वेच्या डब्यात घडले. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले, त्यांना तुटपुंजा पगार दिला आणि बाकी प्रवाशांच्या टिपेवर सोडले. १९२५ साली त्यांनी संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीशी करार केला, तेव्हा कुठे पगाराची भाषा सुरू झाली. टिप हा पगाराचा भाग धरण्याची कल्पना मात्र तिथे मुरली. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतील, बाकी टिपेतून भरून यावे, असा तिथला केंद्रीय नियम १९९१ पासून तसाच आहे.

पोस्तीचा बोनस कसा झाला

साताऱ्याच्या कोरडवाहू गावांतून मुंबईच्या गिरण्यांत माणसे गेली. रत्नागिरीच्या पाठोपाठ गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत सातारा होता, आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके येत. पहिल्या महायुद्धाच्या नफ्यातून गिरणीमालकांनी काही वर्षे सलग बोनस दिला. तो सुमारे महिन्याभराच्या पगाराइतका होता. १९२३ मध्ये नफा घटला म्हणून त्या वर्षी बोनस मिळणार नाही, अशी नोटीस लागली. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले.

वाद पोस्तीचाच होता. मालक म्हणत, आम्ही खुशीने दिले, खुशीने थांबवले. कामगार म्हणत, लागोपाठ मिळाले ते आमच्या संसाराच्या हिशेबात बसले, आता ते पगारातच जमा. सरन्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने निर्णय मालकांच्या बाजूने दिला. कायदा, रूढी किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे बोनस हक्काने मागता येत नाही, असे तिचे म्हणणे पडले. संप बोनसविना संपला.

पण प्रश्न संपला नाही. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र घालून दिले आणि १९६५ मध्ये बोनस देण्याचा कायदा झाला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे. वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के म्हणजे बारावा भाग, एका महिन्याचा पगार. १९२४ मध्ये ज्या मागणीला आधार नाही असे सांगितले गेले, जवळपास तेवढेच आज कायद्याने देणे लागते.

अशीच गोष्ट ‘ग्रॅच्युइटी’ची. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ चक्क टिप असा आहे. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या बिलांवर तो त्याच अर्थाने छापलेला असतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने तो नोकरी सोडताना मिळणाऱ्या हक्काच्या रकमेचे नाव झाला : सलग पाच वर्षे नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. (हे जुने कायदे २०१९ आणि २०२० च्या कामगार संहितांत सामावून घेतले गेले आहेत.) साखर कारखान्यातला कायम कामगार आज ग्रॅच्युइटी म्हणतो, तेव्हा मेहेरबानीचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

उणे एवढेच की बोनसचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो आणि ग्रॅच्युइटीचा दहा किंवा अधिक. स्टँडसमोरच्या चार वेटरांच्या हॉटेलाला दोन्ही लागू नाहीत. त्या वेटराला दिवाळीत मिळते ती आजही पोस्तच.

खुशाली : देणे उलटते तेव्हा

इथवर वाचून असे वाटेल की खुशीचे देणे सरतेशेवटी हक्कात बदलते आणि सारे सुरळीत होते. तसे नेहमी होत नाही. त्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. गळीत हंगामात वाळवा, पलूस, कराड भागातल्या कोणत्याही फडाच्या बांधावर उभे राहावे.

ऊसतोडीची मजुरी टनावर ठरते. कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वळता करतो. म्हणजे मजुरी वाढली की ती शेतकऱ्याच्याच पदरातून जाते. यावर फड सुटताना टोळीला खुशाली आणि प्रत्येक खेपेला वाहनचालकाला ‘एंट्री’ द्यावी लागते.

खुशालीचा उगम गोड असावा. वर्षभर जपलेला ऊस वेळेत गेला, म्हणून शेतकऱ्याने आनंदाने टोळीला जेवण घालावे किंवा काही रक्कम हातावर ठेवावी, हे नावातच दिसते. आज ती मागितली जाते, तिचा आकडा आधी सांगितला जातो, आणि नाही म्हटले तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. तुरा आलेला ऊस वाळत बसण्यापेक्षा शेतकरी पैसे मोजतो. याविरुद्ध तक्रारी करण्याचे आवाहन साखर आयुक्तालयाने आणि कारखान्यांनी केले आहे. तरी प्रथा टिकून आहे.

यात शेतकरी बिचारा आणि मजूर लुटारू, असे चित्र रंगवणे सोपे आहे. परंतु करारातला दर मजुराच्या हातात तसाच पडत नाही. बीडहून किंवा आपल्याच जत, आटपाडी, माणमधून आलेले जोडपे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि मजुरी त्या उचलीत फिटत राहते. मुकादमाचे कमिशन वेगळे. रोज हाताशी पैसा येतो तो खुशालीचा. दर वाढला असे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि मग ही माणसे वर पैसे का मागतात म्हणून चिडतो. मजुरी कागदावर वाढणे आणि हातात वाढणे यांतली दरी शेतकऱ्याच्या खिशातून बुजवली जाते, आणि ही दरी ज्या व्यवस्थेने ठेवली ती या भांडणात कुठेच दिसत नाही.

पगार वाढल्यावर टिप आपोआप थांबेल या समजुतीला खुशालीचे हे उत्तर आहे. वाढ कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते हे न पाहता नुसता दर वाढला, तर वरचे पैसे थांबत नाहीत, ते फक्त कडवट होतात.

हॉटेलातली टिप कुठे उभी आहे

आता हॉटेलाकडे येऊ. आपल्या कायद्याने अमेरिकेची वाट धरलेली नाही, ही जमेची बाजू. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने टिप हे मालकाने दिलेले देणे मानले नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या संदर्भात २००७ साली आणि प्राप्तिकराच्या संदर्भात २०१६ साली न्यायालयाने हेच तत्त्व पुढे नेले. कार्डाने दिलेली टिप मालकाच्या खात्यातून फिरून वेटरला मिळाली, तरी तो पगार ठरत नाही. त्यामुळे टिप मिळते म्हणून पगार कमी, असे मालकाला म्हणता येत नाही.

नाण्याची दुसरी बाजू अशी की जे वेतन नाही ते विम्यात, भविष्य निर्वाह निधीत आणि ग्रॅच्युइटीतही धरले जात नाही. वेटर आयुष्यभर बशीतून जे मिळवतो, त्याचा म्हातारपणी मागमूस राहत नाही.

मधला मार्ग म्हणून मोठ्या शहरांतल्या हॉटेलांनी बिलातच सेवाशुल्क लावायला सुरुवात केली. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते परस्पर लावण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही मनाई उचलून धरली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने निकाल रास्त आहे, कारण सक्तीचे सेवाशुल्क ही हॉटेलातली खुशालीच होती. शिवाय ती रक्कम वेटरपर्यंत पोचते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. फ्रान्सने हा गुंता वेगळ्या प्रकारे सोडवला. तिथे १९८७ पासून सेवेचे मोल पदार्थाच्या छापील दरातच धरावे लागते. वर कोणी नाणे ठेवले तर ते निव्वळ आभाराचे.

आपल्याकडच्या लहान हॉटेलांत हजेरीपत्रक आणि वेतनचिठ्ठी अभावानेच दिसते. बरेच वेटर बाहेरगावचे, आता तर परप्रांतांतले आणि नेपाळचेही. राहणे-जेवणे मालकाकडे असते आणि महिन्याचा पगार गावी जातो. टिप हा त्यांचा रोजचा हातखर्च असतो. तीही सर्वांना सारखी नाही. काही ठिकाणी ज्याच्या टेबलावर मिळाली त्याची, काही ठिकाणी डब्यात टाकून रात्री वाटणी. वाटणीत भटारखान्यातला आचारी आणि बशा विसळणारा पोऱ्या असतोच असे नाही. गिऱ्हाइकाला भाजी आवडलेली असते, बक्षीस मिळते ते ती आणून ठेवणाऱ्याला.

आणि गेल्या काही वर्षांत गल्ल्यावर क्यूआर कोड आला. बिल दोनशे अठ्ठेचाळीसचे झाले की फोनवरून नेमके दोनशे अठ्ठेचाळीस जातात. पूर्वी बशीत दोन रुपये येत आणि त्यात आणखी आठ घालून गिऱ्हाईक उठे. आता बशीत फक्त बडीशेप उरते. कोडही मालकाच्या खात्याचा. टिप द्यावी की नाही यावर आपण वाद घालत असताना ती न ठरवताच आटत चालली आहे, आणि त्या आटण्याची भरपाई पगारात होईल याची तजवीज कोणी केलेली नाही.

मग काय करावे?

एसटीच्या कंडक्टरला आपण टिप देत नाही. तो वेटरइतकाच माणसांत वावरतो, उभ्याने काम करतो, गर्दीत मुलाबाळांची सोय पाहतो. सुटे नसले तर बाकी तिकिटामागे लिहून देतो. त्याला पैसे द्यावेत असे आपल्या मनात येत नाही आणि त्यात त्याचा अपमान झाला असे त्यालाही वाटत नाही. त्याच्या पगाराबद्दल वाद आहेत, संप झाले आहेत. पण ते महामंडळाशी आणि सरकारशी, प्रवाशाशी नव्हे. मागणी जिथे करायची तिथेच ती होते. वेटरच्या बाबतीत ही अवस्था यावी, हे माझ्या मते पोहोचण्याचे ठिकाण.

तिथे पोहोचेपर्यंत टिप थांबवू नये. पगार वाढल्याची बातमी ऐकून थांबवणे म्हणजे मालकाने न दिलेल्या वाढीचा दंड वेटरला करणे. देताना मात्र ती वेटरच्या हातात, रोख द्यावी. मोठी पंगत असेल तर आतल्या माणसांचाही वाटा काढावा. आणि ती दिल्याच्या बदल्यात सलाम अपेक्षू नये, कारण सलाम मागितला की आपण बलुत्याच्या काळात परत जातो.

याहून अवघड काम दुसरेच आहे. वेटरला नियमाचा पगार, हजेरी, विमा मिळायचा तर थाळी वीस-पंचवीस रुपयांनी महागेल. तेव्हा “फारच दर वाढवलेत” म्हणून समोरच्या स्वस्त हॉटेलात न जाण्याची तयारी आपली आहे का? टिपेचे दहा रुपये आपण हसत देतो, कारण ते दिल्याचे दिसते आणि देणारे आपण असतो. दरातले वीस रुपये कुरकुरत देतो, कारण ते कोणाला दिले हे दिसत नाही. बलुत्याच्या जागी सरकारमार्फत पैसे द्यायला गावाचा विरोध होता, त्याचे मूळही याच मनोवृत्तीत होते. देणे गेले तरी चालेल, देणारेपण जाऊ नये.

या दिवाळीत ज्याला त्याला पोस्त अवश्य द्यावी, सण आहे. पण हॉटेलमालक ओळखीचा असेल तर वेटरांची हजेरी लिहिली जाते का आणि फोनवरून आलेली टिप त्यांना मिळते का, हे दोन प्रश्न गल्ल्यावर उभे राहून विचारावेत. उत्तर नीट मिळाले, तर पुढच्या वेळी थाळीचा वाढलेला दर न कुरकुरता द्यावा.